२ ऑक्टोबर, त्लातेलोल्को: वाचनालयातल्या प्रदर्शनाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५

ठरलं एकदाचं. यंदा २ ऑक्टोबरला गांधीजींच्या फोटोला हार घालून, चहा पिऊन घरी जायचं नाही, वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं. विषय: मेक्सिको शहर, २ ऑक्टोबर १९६८, त्लातेलोल्को नावाच्या वस्तीतल्या चौकात विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार. सहा पॅनेल, ३ बाय ४ फुटाचे, मजकूर उभ्याउभ्या वाचून होईल एवढाच. पैशाचं म्हणाल तर ड वर्ग वाचनालयाचं अनुदान किती न् कधी येते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून अभ्यासिकेतल्या पोरापोरींची वर्गणी आणि बाकी माझ्या खिशातून.

अध्यक्ष काकाजी म्हणाले, "काऊन वं, आपलं चिमूर सोडून मेक्सिको कायले आणून राहिली?" प्रश्न रास्तच आहे. चिमूर तालुक्यातलं गाव आमचं, परवाच १६ ऑगस्टचा, म्हणजे १९४२ च्या चिमूर उठावाचा, क्रांतिदिन झाला. पण ते भाषण आता सगळ्यांचं पाठ झालंय हो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, नागपंचमीचा मोर्चा, हुतात्मा बालाजी रायपूरकर, की संपलं. त्यानंतर इंग्रजांची पलटण येऊन गावात काय झालं, ती बातमी कशी दाबली, ती बाहेर कोणी काढली, यावर कोणी बोलतच नाही. मेक्सिकोत नेमकं याच गोष्टीवर लोकांनी पन्नास वर्षं काम केलं, एकेक कागद धरून. मला ते काम दाखवायचंय, गोळीबार तर आहेच. हे सगळं काकाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं, पण गांधीजींचा फोटो मधातच राहीन." मी म्हटलं राहू द्या, तारीख तर त्यांचीच आहे.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा, त्यामुळे अभ्यासिका रिकामी, बसून पहिल्या पॅनेलचा मजकूर केला. सुरुवात कुठून करावी हा खरा त्रास. लोकांना वाटते २ ऑक्टोबरला अचानक गोळ्या चालल्या, पण त्याच्याआधी दहा आठवडे हे चालू होतं. जुलैच्या शेवटी दोन शाळांच्या पोरांची मारामारी झाली, म्हणजे आपल्याकडे बस स्टँडवर होते तशीच, त्यात दंगल पोलीस शाळेत घुसले आणि मास्तरांसकट सगळ्यांना बदडलं. मग मोर्चे. ३० जुलैला सैन्यानं एका जुन्या शाळेचं कोरीव लाकडी दार बाझूकानं उडवलं. बाझूका! रणगाडा फोडायचं हत्यार, शाळेच्या दाराला. दोन दिवसांनी विद्यापीठाचे कुलगुरू हाविएर बारोस सिएरा स्वतः मोर्चाच्या पुढं चालले. आपल्याकडचा कुलगुरू असा चालताना डोळ्यासमोर आणून बघा.

मागण्या सहाच होत्या: राजकीय कैदी सोडा, पोलीसप्रमुखांना काढा, दंगल पोलीस बरखास्त करा, मेलेल्या-जखमींच्या घरच्यांना भरपाई द्या, जबाबदार कोण ते ठरवा, आणि दंडसंहितेतलं 'सामाजिक विघटन' नावाचं कलम रद्द करा, ज्यात कोणालाही आत टाकता यायचं. (आपल्याकडचं कोणतं कलम आठवते ते ज्याचं त्यानं बघावं.) यात क्रांती वगैरे कुठंच नाही. सरकार उलथवा असंही नाही. १३ सप्टेंबरला त्यांनी मूक मोर्चा काढला, कितीकांनी तोंडाला पट्ट्या लावलेल्या, कारण सरकार म्हणे ही पोरं शिव्या देणारी हुल्लडबाज आहेत. पाच दिवसांनी सैन्य विद्यापीठात शिरलं.

२४ ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला, आज दुपारी म्हातारी मंडळी वाचनालयात पेपर वाचायला. मेक्सिको म्हटल्याबरोबर एक बाबाजी म्हणाले, "मेक्सिको? हॉकी हारलो होतो तिथं." खरंच, १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताला ब्राँझ मिळालं होतं, फायनलच गाठली नाही आणि ते दुःख बाबाजींना आजही ताजं आहे. मी त्यांना म्हटलं बाबाजी, ते ऑलिम्पिक सुरू झालं १२ ऑक्टोबरला, हा गोळीबार झाला त्याच्या दहा दिवस आधी, त्याच शहरात. ते बघतच राहिले. "मंग आमाले रेडिओवर काहीच कसं नाही सांगितलं?"

हे वाक्य पॅनेल २ चं शीर्षक करून टाकलं. ऑलिम्पिक हेच तर कारण होतं घाईचं. पहिल्यांदाच लॅटिन अमेरिकेत होत होतं, राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो दियास ओर्दास यांना जगाला नीटनेटका देश दाखवायचा होता, शहरभर पांढऱ्या कबुतराची चित्रं लावलेली. शांतीचं कबुतर हो. गोळीबारानंतरही ऑलिम्पिक समितीनं खेळ होणारच म्हणून सांगितलं आणि झाले. कृष्णवर्णीय धावपटूंनी मुठी वर केल्या ते हेच ऑलिम्पिक, तो फोटो आमच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात आहे, त्लातेलोल्को नाही.

३१ ऑगस्ट

पॅनेल ३, म्हणजे ती संध्याकाळ. हे पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांना दिलं, मुद्दाम. पहाटे पाचला शाळेच्या ग्राउंडवर १६०० मीटर पळतात, गोळा फेकतात, मग इथं येऊन गणित-बुद्धिमत्ता सोडवतात. मी त्यांना एवढंच सांगितलं, तुम्ही वर्दीतल्या माणसाच्या बाजूनं वाचा आणि मला सांगा त्याला काय माहीत होतं.

चौकाचा नकाशा खडूनं हॉलच्या फरशीवर काढला. एका बाजूला अ‍ॅझ्टेक लोकांचे पडके अवशेष, त्याला लागून स्पॅनिश काळातलं चर्च, आणि आजूबाजूला नवीन सरकारी इमारती, म्हणून त्याचं नावच तीन संस्कृतींचा चौक. समोर चिहुआहुआ नावाची उंच रहिवासी बिल्डिंग, तिच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पोरं भाषण करत होती. खाली हजारो लोक, त्यात विद्यार्थी, त्यांचे आईबाप, तिथंच राहणारे लोक, खेळणारी लेकरं. सव्वासहाच्या सुमारास आकाशात फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचे पेटते गोळे, चमकले आणि गोळ्या सुरू.

आता पोट्ट्यांनी जे काढलं ते. साध्या कपड्यातले काही लोक गर्दीत आणि बिल्डिंगमध्ये आधीच होते, डाव्या हातात पांढरा हातमोजा नाहीतर रुमाल बांधलेला, आपसात ओळख पटावी म्हणून. ऑलिम्पिया बटालियन. ऑलिम्पिकच्या बंदोबस्तासाठी बनवलेली म्हणून ते नाव. त्यांनी गॅलरीतले पुढारी पकडले. पण खाली जे वर्दीतले शिपाई चौकात शिरत होते त्यांच्यावर वरून कोणीतरी गोळ्या झाडल्या, त्यांचा जनरलच जखमी झाला, शिपायांना वाटलं पोट्टेच मारून राहिले, म्हणून त्यांनी बिल्डिंगवर झोड उठवली. वरचे हातमोजेवाले मग फरशीवर आडवे पडून ओरडायला लागले, "ऑलिम्पिया बटालियन, गोळ्या घालू नका!"

हे वाचल्यावर एकजण म्हणाला, "म्हणजे ताई, त्याह्यचेच लोक त्याह्यच्यावर?" हो. १९९९ मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांचे, मार्सेलिनो गार्सिया बारागान यांचे कागद छापून आले, त्यात लिहिलंय की राष्ट्राध्यक्षांच्या खास सुरक्षा दलाच्या प्रमुखानं दहा अधिकारी मशीनगन देऊन बिल्डिंगमध्ये बसवले होते. म्हणजे शिपायाला भडकवायला गोळी घरातूनच आली. तीस वर्षं सरकारी गोष्ट हीच होती की विद्यार्थ्यांनी आधी गोळ्या झाडल्या.

पोट्टा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला भरतीत हे विचारत नाहीत. मी काय बोलणार. तो चांगला पळतो, लागेलही. पॅनेलवर पांढरा हातमोजा त्यानंच काढला, जुन्या क्रिकेटच्या ग्लोव्हवर बघून, बोटं जरा जाड झालीत पण राहू दिलं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज सगळ्यांचे आवाज बसलेले, तरी भांडण झालंच. आकड्यावरून.

शाळेतले निवृत्त सर आहेत, मोठ्या मनाचे, वाचनालयाला पुस्तकं त्यांनीच दिली. त्यांचं म्हणणं मुख्य बॅनरवर मोठ्या अक्षरात '३०० हून अधिक विद्यार्थी ठार' असं यायला पाहिजे, नाहीतर लोक थांबून बघणार नाहीत. आता हा आकडा हवेतला नाही. गार्डियन पेपरनं ३२५ चा अंदाज दिला होता आणि पुढं तोच सगळीकडं फिरला. सरकार सुरुवातीला वीस-पंचवीसच्या घरात बोलत राह्यलं, तेव्हा चिडलेल्या माणसानं मोठा आकडा धरला तर चूक त्याची नाही, ज्यानं हिशोब लपवला त्याची आहे.

पण २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हनं (नाव सरकारी वाटते पण खाजगी संशोधन संस्था आहे) मेक्सिकोच्या सरकारी फायली उलटून एकेक मृत्यू लावला, तर कागदावर पक्के निघाले ४४. त्यातले ३४ नावासकट, १० जणांची नावं नाहीत. याचा अर्थ ४४ च मेले असा नाही, तेवढे सिद्ध झाले एवढाच. मी म्हटलं सर, बॅनरवर ४४ लिहू आणि खाली लिहू की हा आकडा कसा आला. सर म्हणाले, "४४ म्हटलं तर लोक म्हणतील येवढेच? आपल्या हायवेवर तेवढे मरतात." खरं सांगायचं तर याच्यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं गोवारी काकांनी, जे पेपर वाचत बसले होते आणि त्यांचा या भांडणाशी संबंधही नव्हता. त्यांच्या घरचं माणूस १९९४ च्या २३ नोव्हेंबरला नागपूरला अधिवेशनावरच्या गोवारी समाजाच्या मोर्चात गेलं होतं, जिथं चेंगराचेंगरी झाली. ते म्हणाले, "सर, आमचे ११४ गेले. कोणी दोनशे म्हटलं तर मले राग येते. ११४ म्हणजे कोण कोण ते आमाले माहीत हाय." एवढं बोलून परत पेपरात डोकं घातलं.

सर पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ठीक आहे, ४४, पण अक्षर मोठं पाहिजे. अक्षर मोठं करून राहिलो.

पॅनेल ४ आता नावांचं. चौकात १९९३ मध्ये, पंचवीस वर्षं झाल्यावर, लोकांनी दगडी स्तंभ उभारला, त्यावर २० नावं आणि वयं कोरली. १५ वर्षांची पोरं आहेत त्यात, आणि ६० वर्षांची एक बाईसुद्धा. म्हणजे 'विद्यार्थी ठार' हेसुद्धा अर्धंच खरं, बघायला आलेले, तिथं राहणारेही गेले. नावं पॅनेलवर वयासकट लिहिणार, आणि नाव न लागलेल्या दहांसाठी दहा ओळी कोऱ्या, नुसते आकडे टाकून.

१४ सप्टेंबर

फ्लेक्स की पेंटर? फ्लेक्स स्वस्त पडते आणि एका दिवसात मिळते, पण तालुक्याच्या ज्या दुकानात गेली तिथल्या मुलानं मजकूर वाचून विचारलं की ताई हे सरकारविरोधी तर नाही ना, परवानगीचं पत्र आणा. मी म्हटलं अरे बाबा, मेक्सिकोचं सरकार आहे, तेही १९६८ चं. तरी नाही म्हणाला. त्याच्यावर राग नाही, त्याला धंदा करायचाय. मग गावातले पेंटर काका, जे आतापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या न् दुकानाच्या पाट्या रंगवत आले, त्यांनी हार्डबोर्डवर पांढरा प्रायमर मारून ब्रशनं लिहायला घेतलं. देखणं अक्षर आहे हो त्यांचं. फक्त 'त्लातेलोल्को' लिहिताना दरवेळी मला हाक मारतात.

पॅनेल ५ त्यांनीच आवडीनं केलं, कारण त्यात दिल्ली आहे. तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते ओक्ताव्हियो पास, कवी, पुढं १९९० मध्ये नोबेल मिळालेले. १९६२ पासून दिल्लीत, लग्नही इथंच, घराच्या आवारातल्या कडुनिंबाखाली लागलेलं. गोळीबाराची बातमी आली आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडायचं पत्र पाठवलं. अशा सरकारच्या नावानं मी बसू शकत नाही, असा त्या पत्राचा सूर. मेक्सिकोच्या सरकारनं मग आम्हीच त्यांना बाजूला केलं असं दाखवायचा प्रयत्न केला. पास मुंबईहून बोटीनं गेले. इकडं आपण गांधीजींच्या शंभराव्या वर्षाचे सोहळे सुरू करत होतो.

स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पॅनेल बघून म्हणाल्या, "नोकरी सोडली? सरकारी?" त्यांच्या लेकाला तीन वर्षं झाली कॉल यायची वाट बघून, त्यामुळे सगळ्या प्रदर्शनात त्यांना सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटली. मला पण थोडी वाटली.

२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री, घरी वड्याचा स्वयंपाक, संध्याकाळी येऊन शेवटचं पॅनेल लिहिलं. हे माझं आवडतं, कारण यात बंदुका नाहीत, फायली आहेत.

पकडलेल्या विद्यार्थ्यांतल्या कितीतरी जणांना लेकुम्बेरी नावाच्या तुरुंगात ठेवलं होतं. मधात मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी. १९७६ मध्ये तो तुरुंग बंद झाला आणि १९८२ मध्ये त्याच इमारतीत देशाचं राष्ट्रीय अभिलेखागार आणलं. आणि २००२ मध्ये व्हिसेंते फॉक्स यांच्या सरकारनं गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली वाचायला मोकळ्या केल्या, त्या कुठं? त्याच बराकीत. म्हणजे जिथं पोरं कोंडली तिथंच त्यांच्यावर ठेवलेल्या पाळतीचे कागद माणसं टेबलावर मांडून वाचू लागली. ते ४४ याच कागदांतून निघाले.

निकालाचं काय, हे पोट्टे विचारतातच. निकाल काही नाही. दियास ओर्दास यांनी १९६९ मध्येच संसदेत सांगितलं की सगळी जबाबदारी माझी, आणि त्यावर काहीच झालं नाही, उलट १९७७ मध्ये स्पेनला राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा पॅरिसमधले राजदूत कार्लोस फुएन्तेस यांनी राजीनामा दिला. गृहमंत्री होते लुईस एचेव्हेरिया, ते पुढं स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. २००६ मध्ये त्यांच्यावर नरसंहाराचा खटला लागला, घरातच नजरकैद, २००९ मध्ये सुटले, आणि २०२२ मध्ये शंभर वर्षांचे होऊन गेले. मागच्या वर्षी, २ ऑक्टोबर २०२४ ला, क्लॉडिया शाइनबाउम राष्ट्राध्यक्ष झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरकारनं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता असं मान्य करून माफी मागितली. त्यांची आई त्या आंदोलनात होती. छप्पन्न वर्षं लागली माफीला. तोवर माफी ऐकायला किती आईबाप उरले असतील.

२९ सप्टेंबर

पाऊस, लाइट नाही. हार्डबोर्ड ओलावा धरून फुगून राहिला म्हणून सगळे पॅनेल पेंटर काकांच्या ओसरीत. आणखी एक अडचण: यंदा २ ऑक्टोबरलाच दसरा. अर्धं गाव दीक्षाभूमीला नागपूरला जाणार, उरलेलं सोनं वाटत फिरणार. तारीख बदलायची नाही असं सगळ्यांचं मत पडलं. सकाळी ७ ते १० उघडं ठेवू, मग संध्याकाळी पुन्हा.

२ ऑक्टोबर

सकाळी नागपूरला निघालेली मंडळी, पांढऱ्या कपड्यात, बस यायची होती म्हणून आत आली आणि तीच सगळ्यात लक्ष देऊन वाचत होती. एका दादानं दहा कोऱ्या ओळींचा फोटो काढला. लहान पोरं हातमोज्यापाशीच. दुपारी सामसूम. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन लोक आले, कोणीतरी पानं पॅनेल ४ च्या खाली ठेवली, मग सगळेच ठेवायला लागले, हे काही ठरवलं नव्हतं. सर बाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ४४ चा हिशोब समजावून सांगत होते, अगदी माझ्याच शब्दांत.

हॉकीवाले बाबाजी आले, पॅनेल २ वर आपलं वाक्य बघून म्हणाले, "माह्यं नाव नाही टाकलं?"

६ ऑक्टोबर

पॅनेल उतरवले नाहीत अजून. अध्यक्ष काकाजी स्वतःच म्हणाले, पुढच्या १६ ऑगस्टला असंच चिमूरचं करा, नावासकट. मला हेच पाहिजे होतं, लगेच वही काढली. १९ ऑगस्ट १९४२ ला पलटण आली, घराघरातून पुरुष उचलून नेले, आणि मग बायांवर अत्याचार झाले. तीन दिवस आधी जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले होते, ते पण लिहायला पाहिजे, नाहीतर आपणही बातमी दाबणारेच. सरकारनं चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्या मागणीसाठी ६३ दिवस उपोषण केलं, आणि त्या उपोषणाची बातमीच छापायला बंदी, म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या पेपरांनी एक दिवस पेपरच काढले नाहीत. याच्यावर पॅनेल सहज होते, दोन होतात.

पण नावासकट? संध्याकाळी शेजारच्या आजीकडं गेली, माहेर त्यांचं तिकडचंच. मी काय करून राहिली ते सांगितलं, ४४, ३४, कोऱ्या ओळी, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या पोराह्यची नावं लिव्हली ते बरं केलं. ते मेले. आमच्याकडच्या बाया जगल्या, पोरी, नाती झाल्या, त्याह्यची लग्नं झाली. त्याह्यच्या आजीचं नाव तू चौकात टांगशील?"

मी नाही म्हटलं. आकडा तरी लिहू का विचारलं, तर म्हणाल्या आकडा कोणापाशी हाय, ज्या बोलल्या त्याह्यचाच हाय, न बोलल्या त्याह्यचा कुठून आणशील. मग बराच वेळ तांदळातले खडे काढत बसल्या, आणि उठताना दोन घरं सांगितली, तिथं आधी विचारून ये म्हणाल्या, एकटी जा, वही नेऊ नको, पोट्टे नेऊ नको.

तर चिमूरच्या पॅनेल ४ ची जागा सध्या रिकामी. पेंटर काकांना फक्त उपोषण आणि पेपरबंदीचे दोन बोर्ड लिहायला सांगितलेत, प्रायमर आणायचंय. त्या दोन घरी हलका धान कापून झाल्यावर जाईन, आत्ता सगळे धानाच्या बांधीत, शेतावर आहेत.